अकरा हजार चौकोनांची रांग

१४ नोव्हेंबर १९९४, मिल्टन कीन्स

हट्टी? मला हट्टी म्हणताय? अजून वाचलंय काय तुम्ही, फक्त वरची तारीख. गिरीशने आज मला हट्टी म्हटलं, त्याची निदान दीड वर्षाची ओळख तरी आहे. आणि मुळात ही खाजगी डायरी आहे. तुम्ही इथे करताय काय?

बरं, आलाच आहात तर ऐका. म्हणजे चूक कोणाची ते तुम्हालाच कळेल.

कार्पेटच्या दुकानाच्या वर कॉलिनची कंपनी आहे. कंपनी म्हणजे तीन माणसं. कॉलिन मालक. गिरीश आपटे, पुण्याचा, वर्क परमिटवर आलेला. आणि मी, शशी वानखेडे, वय सव्वीस, बर्मिंगहॅममध्ये वाढलेलो, पॉलिटेक्निकची डिग्री आणि एक अर्धवट कादंबरी. पहिल्या दिवशी गिरीशने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, ‘चहा घेणार?’ त्याला नक्की काय म्हणायचं होतं याचा मी दोन आठवडे विचार करत होतो.

सध्या काम असं आहे. लंडनजवळ न्यू मॉल्डनला कोरियन मुलांची शनिवारची शाळा भरते. तिच्या हेडमिस्ट्रेस मिसेस सोंग. त्यांना मुलांनी कोरियनमध्ये टाइप करावं असा प्रोग्रॅम हवाय, निबंधांसाठी, आणि सोबत एक डिक्शनरी. त्यांच्याकडे चालला तर बाकीच्या शनिवारच्या शाळाही घेतील.

कोरियन लोक आपल्यासारखेच अक्षराचे तुकडे जोडतात, पण सगळे तुकडे एका चौकोनात बसवतात. असे चौकोन होऊ शकतात अकरा हजार एकशे बहात्तर. कॉम्प्युटरला चौकोन कळत नाही, नंबर कळतो. घर नंबर अमुक, तिथे अमुक चौकोन राहतो. १९८७ साली कोरियात सरकारी यादी झाली. तिच्यात दोन हजार तीनशे पन्नास चौकोनांना नंबर मिळाले. नेहमी लागणाऱ्या. बाकीचे बाहेर.

गिरीश म्हणाला, ‘हीच यादी घेऊया. सगळे हीच वापरतात. बाहेरचे लागतात किती?’

मी म्हटलं, ‘हे वाक्य मी ओळखतो. हे नेहमी आतला माणूस बोलतो.’

‘अरे, मी चौकोनांबद्दल बोलतोय.’

‘मी पण.’

तेव्हा तो हट्टी म्हणाला.

१६ नोव्हेंबर

कॉलिनसमोर माझं भाषण झालं. जगातल्या सगळ्या लिपींसाठी नवी यादी निघालीये, युनिकोड. तिच्यात सहा हजार सहाशे छप्पन कोरियन चौकोन आहेत. उरलेले साडेचार हजार तिथेही बाहेरच. पण त्या यादीत एक मोकळा पट्टा ठेवलाय, ज्याने त्याने आपापल्यापुरता वापरावा. त्या पट्ट्यात मी बाहेरच्या सगळ्यांना घरं देणार.

गिरीशने विचारलं, ‘यादी नवीन आहे. उद्या बदलली तर?’

मी म्हटलं, ‘स्टँडर्ड म्हणजे दिलेला शब्द असतो. दिलेला नंबर कोणी परत घेत नाही.’

कॉलिन म्हणाला, ‘Right then.’ तो नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने असतो. मी शेवटी बोललो होतो.

२ डिसेंबर

एक प्रश्न उरलाय. माझ्या पट्ट्यात पहिला नंबर कोणाला द्यायचा? गिरीश म्हणाला, कोरियन वर्णमालेच्या क्रमाने, आणखी कसा? मी दुपारभर खिडकीतून राउंडअबाउट बघत होतो. क्रम आला की पहिला आला, आणि पहिला आला की शेवटचा आलाच. आमच्या घरात या विषयावर पुरेशी चर्चा झालेली आहे.

मग मी सगळे पिसले. पत्त्यांसारखे. कॉम्प्युटरला सांगितलं, कोणालाही कुठेही टाक. कोण कुठे बसला याची यादी माझ्या फ्लॉपीवर आहे. माझ्या कादंबरीच्या प्रकरणांचंही मी हेच केलंय. गिरीश ती वाचतोय. जगात एकटाच. म्हणतो, ‘तिसऱ्यांदा सुरुवात केली यार, दर वेळी वेगळा माणूस मरतो.’ याला मी दाद समजतो.

११ मार्च १९९५

न्यू मॉल्डनला प्रोग्रॅम बसवला. चर्चचा हॉल, सहा जुने कॉम्प्युटर, चपला दाराबाहेर. एका मुलीने निबंधात हूव्हरचा, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरचा, आवाज लिहिला. एकच चौकोन, पण बघूनच कान दुखतात. मिसेस सोंग म्हणाल्या, हा आवाज सरकारी यादीत नाही, आजवर यंत्रावर कधी लिहिता आला नव्हता. मग सगळ्या मुलांनी आवाज लिहायला घेतले. ढेकर, टॉयलेटचा फ्लश, कुणाच्या तरी काकांचं घोरणं. तासभर हॉलमध्ये एकही व्याकरणाचं वाक्य झालं नाही.

गाडीत गिरीश म्हणाला, ‘मान्य. हूव्हरचा मुद्दा मान्य.’

मी विषय बदलला. मी ग्रेसफुल आहे.

२० मे

मिसेस सोंगचा फोन. डिक्शनरीत मुलांना शब्द सापडत नाहीत. प्रोग्रॅम शब्द लावताना घर नंबर बघतो. माझ्या पट्ट्यातले चौकोन असलेले शब्द शेवटी जातात आणि तिथे कसेही बसतात.

मी त्यांना समजावलं, ‘यामागे एक विचार आहे. कोणीच पहिलं नसावं.’

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मिस्टर शशी, इट इज अ डिक्शनरी.’

गिरीश पलीकडच्या टेबलावर हसत होता. रविवारी येऊन त्याने डिक्शनरीतले शब्द एकेक करून हाताने क्रमाने लावून दिले. मी सांगितलं नव्हतं.

१० जून

गिरीशची बायको सीमा पुण्यात आहे. लग्न झालं आणि दोन महिन्यांनी हा इकडे आला. लंचला त्याने फोटो दाखवला. मी म्हटलं, छान आहे, मागे कुठला किल्ला आहे? तो म्हणाला, ‘किल्ला नाही रे, आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे.’ तिला इकडे आणायचं तर त्याचं परमिट पुढे वाढायला हवं, आणि परमिट वाढायचं तर कॉलिनने पत्र द्यायला हवं की काम चालू राहणार आहे. म्हणजे शाळांचं काम. मी म्हटलं, राहणारच. माझं डिझाइन आहे.

२४ ऑक्टोबर

बातमी आली. युनिकोडच्या पुढच्या आवृत्तीत अकराच्या अकरा हजार एकशे बहात्तर कोरियन चौकोन घेणार. एकही बाहेर नाही. सगळे एका सलग रांगेत, वर्णमालेच्या क्रमाने, नव्या जागी. आणि जुन्या जागेवरच्या सहा हजार सहाशे छप्पन जणांनी तिथून उठायचं. त्यांचे आधीचे नंबर रद्द. कारण असं सांगतात की ते नंबर अजून फारसं कोणी वापरत नाही.

कोणी म्हणजे कोण? आम्ही वापरतो.

म्हणजे मागणी शंभर टक्के मान्य झाली आणि आम्ही बेघर झालो. मी हे वाक्य कॉलिनला इंग्लिशमध्ये सांगितलं. तो म्हणाला, ‘Is that good or bad?’

गिरीश म्हणाला, ‘दोन्ही.’ मग माझ्यासाठी चहा केला. त्याने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. मी दिवसभर वाट बघत होतो.

२५ ऑक्टोबर

अजून म्हटलं नाहीये.

१७ फेब्रुवारी १९९६

शाळांना शरद ऋतूत नवे कॉम्प्युटर मिळणार आहेत. त्यांच्यावर आमचे नंबर चालणार नाहीत. मुलांचे वर्षभराचे निबंध उघडले की रिकामे डबे दिसतील, ओळीने. मिसेस सोंगनी कॉलिनला स्वच्छ सांगितलं. निबंध नव्या मशिनवर दिसले तर सगळ्या शाळा करारावर सही करतील. नाही तर नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत. आणि गिरीशचं परमिट ऑक्टोबरअखेर संपतंय.

गिरीश म्हणाला, ‘एक टेबल लागतं. डावीकडे जुना नंबर, उजवीकडे नवा. दुपारभराचं काम आहे. युनिकोडमधल्या भागाचं मी करून ठेवतो. तू पिसलेत ते कुठे कुठे बसलेत ते तुझ्या फ्लॉपीवर आहे. ती दे फक्त.’

मी म्हटलं, ‘प्रश्न दुपारचा नाहीये.’

‘मग कशाचा आहे?’

‘त्यांनी शब्द दिला होता. आपण टेबल केलं की आपण मान्य केलं, की आपण कोणी नव्हतो. मी पत्र लिहितोय कमिटीला.’

‘लिही. टेबलही कर.’

‘आधी उत्तर येऊ दे.’

तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मला वाटतं त्याला पटलं.

३ मे

कमिटीचं उत्तर नाही. दुसरं पत्र टाकलं. थोडं जास्त परखड.

गिरीश आज दातांच्या डॉक्टरकडे गेला, स्लाऊला, गाडीने तासभर लांब. मिल्टन कीन्समध्ये डेंटिस्ट नाहीत असं नाही. पण दातांच्या बाबतीत माणसं हळवी असतात.

१४ जुलै

नवी आवृत्ती आली. छापून, अधिकृत. आमचे जुने नंबर तिच्यात मोकळे सोडलेत. प्लॉट आहे, पण बोर्ड नाही. पुढेमागे दुसऱ्या कोणाला तरी देतील.

बर्मिंगहॅमला गेलो होतो. पप्पा विहारात पुस्तकांचा स्टॉल लावत होते. पप्पांनी मोटारींच्या कारखान्यात एकोणीस वर्षं इंजिनीअर म्हणून काढली, आणि एक वर्ष सोडून सगळी वर्षं त्या कारखान्याविरुद्ध भांडण्यात काढली. त्यांच्याइतकं मला कोण समजणार? म्हणून सगळं सांगितलं.

ते पुस्तकं लावता लावता म्हणाले, ‘म्हणजे सगळे आत घेतले?’

‘हो, पण—’

‘एकही बाहेर नाही?’

‘नाही. पण क्रमाने, पप्पा. रांगेत.’

‘मग रांगेशी तुझं काय वाकडं आहे लेका? आम्ही नळावर रांगेत उभं राहायला मिळावं म्हणून भांडलो. रांग मोडा म्हणून नाही.’

मी म्हटलं, हा तात्त्विक फरक आहे. ते म्हणाले, असेल, तो खोका दे इकडे. मग विचारलं, ‘आणि तो तुझा पुण्याचा मित्र? त्याच्या बायकोचं झालं का?’

मी म्हटलं, होईल.

‘कोण करणार?’

मी खोका दिला.

८ ऑगस्ट

गिरीश परत डेंटिस्टकडे. सूट घालून. मी विचारलं, एवढं काय? तो म्हणाला, ‘चांगला डॉक्टर आहे.’ संध्याकाळी विचारत होता की सकाळी एम-फोर हायवेला ट्रॅफिक कसा असतो.

१५ ऑगस्ट

फोटोकॉपीच्या काचेवर गिरीशचा सीव्ही राहिला होता. मी नेऊन दिला. जाता जाता चाळला. ‘Responsible’मध्ये आयच्या जागी ए पडला होता, दाखवला. त्याने थँक्यू म्हटलं, थोडं जास्तच मनापासून. परमिटच्या फाइलला सीव्ही लागत असणार.

माझं कमिटीला तिसरं पत्र तयार आहे. साडेसहा पानं. दुसऱ्या पानापासून मी कादंबरीसारखं लिहायला लागलो आणि मला ते आवडलं.

५ सप्टेंबर

आज गिरीश माझ्या टेबलावर येऊन बसला. खुर्चीवर नाही, टेबलावर.

‘शशी, तू बरोबर होतास,’ तो म्हणाला. ‘त्या यादीबाबत, बाहेरच्यांबाबत, हूव्हरबाबत. मी चूक होतो. लिहून देऊ?’

मी म्हटलं, ‘असं एकदम कसं?’

‘एकदम नाही रे, दीड वर्षं झालं. आता फ्लॉपी देतोस?’

म्हणजे पटलंय म्हणून नाही, फ्लॉपीसाठी. मी तसं बोललो. म्हटलं, दाराशी आलेल्याला काहीतरी देऊन वाटेला लावावं तसं तुम्ही लोक ‘बरोबर’ म्हणता.

‘तुम्ही लोक म्हणजे?’

‘तुला माहितीये.’

‘नाही, मला नाही माहिती. सांग.’

मी सांगितलं नाही. तो टेबलावरून उतरला, त्याच्या जागी गेला आणि पाच मिनिटांनी तिथूनच म्हणाला, ‘च्यायला, दोन वर्षं तुझी कादंबरी वाचतोय मी. दोन वर्षं!’

हे कशाचं उत्तर होतं ते कळलं नाही.

१४ सप्टेंबर

न्यू मॉल्डनला गेलो. नवे कॉम्प्युटर कसे आहेत ते बघायला. बाकी काही कारण नव्हतं.

हॉलमध्ये मुलं नव्हती, त्यांच्या आया होत्या. दोन-दोनच्या जोड्या. एका टेबलावर जुना कॉम्प्युटर, शेजारी नवा. एक बाई जुन्यावरचा निबंध मोठ्याने वाचत होती, दुसरी नव्यावर टाइप करत होती. वाचणारी थकली की जागा बदलायच्या. एका कोपऱ्यात दोघींचं वाचन थांबलं होतं. एक ‘वूऽऽइंग’ असा आवाज काढून दाखवत होती, दुसरी मान हलवत होती, नाही, असा नाही. मग पलीकडची तिसरी येऊन आवाज काढून गेली.

मी मिसेस सोंगना विचारलं, ‘हे किती दिवस चालू आहे?’

‘ऑगस्टपासून. आमचे नवे कॉम्प्युटर लवकर आले. गिरीशनी सांगितलं, तुम्ही एका महत्त्वाच्या पत्राच्या उत्तरासाठी थांबला आहात.’

‘हो.’

‘आलं?’

‘नाही.’

‘येईल,’ त्या म्हणाल्या आणि मला भाताच्या गुंडाळ्या दिल्या, समुद्राच्या शेवाळात गुंडाळलेल्या. मी आठ खाल्ल्या. कोणीही माझ्यावर चिडलेलं नव्हतं. ही फार विचित्र जागा आहे.

१५ सप्टेंबर

टेबल केलं. जेवणानंतर बसलो, चार वाजता झालं. चहा करून प्यायलो तरी दिवस बराच उरला होता.

२१ सप्टेंबर

शाळेत जाऊन टेबल चालवलं. सगळे निबंध नव्या मशिनवर उघडले. आयांनी टाळ्या वाजवल्या. मग एकीने मिसेस सोंगना काहीतरी विचारलं. मिसेस सोंगनी माझ्यासाठी इंग्लिश केलं, ‘ती विचारतेय, म्हणजे आता आम्ही यायचं नाही का शनिवारी?’ त्यांचा चेहरा पडला होता.

कॉलिन सोबत आला होता. मिसेस सोंगनी तिथेच सही केली. सगळ्या शाळांच्या वतीने. कॉलिन म्हणाला, ‘Right then,’ आणि या वेळी तो शेवटी बोलला.

२३ सप्टेंबर

सकाळी लवकर ऑफिसला गेलो. कॉलिनकडून गिरीशचं पत्र टाइप करून घेतलं, काम चालू राहणार, माणूस आवश्यक आहे, वगैरे. ‘आवश्यक’ मी घातलं. पत्र गिरीशच्या कीबोर्डवर ठेवलं आणि माझ्या जागी येऊन काम करत असल्यासारखा बसलो.

तो आला. पत्र उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण पत्र तेवढं मोठं नव्हतं.

‘छान लिहिलंय,’ तो म्हणाला.

‘कॉलिनने लिहिलंय.’

‘कॉलिनला असं इंग्लिश येत नाही.’ मग तो माझ्या टेबलापाशी आला. ‘शशी, मी गेल्या सोमवारी नोटीस दिली. कॉलिनला सांगितलं होतं, तुला मी स्वतः सांगेन. स्लाऊला, ट्रेडिंग इस्टेटमध्ये जॉब मिळालाय. परमिट त्यांच्याकडून झालंसुद्धा. सीमाचं तिकीट काढलंय.’

मी विचारलं, ‘आणि दात?’

‘माझे दात ठीक आहेत रे,’ तो म्हणाला. इतक्या हळू बोलला की मला क्षणभर वाटलं माझेच दुखतायत.

२७ सप्टेंबर

गिरीशचा शेवटचा दिवस. कॉलिनने केक आणला. त्यावर नाव ‘गॅरिश’ घातलं होतं. आम्ही तिघांनी खाल्ला. गिरीशने मला कादंबरी परत दिली, पेन्सिलने खुणा केलेली. मी अजून उघडली नाही. लोक चांगलं म्हणतात तेव्हा मला त्रास होतो, आणि वाईट म्हणतात तेव्हाही.

१९ ऑक्टोबर

शाळांचं काम जोरात आहे. मी एकटा. कॉलिन नव्या माणसासाठी जाहिरात देतोय. विचारत होता, नव्याला कुठे बसवायचं, गिरीशचं टेबल आहेच की. मी म्हटलं, नाही.

‘Why not?’

मी म्हटलं, ते चालू स्थितीत नाही. तो जाऊन टेबल हलवून बघत होता.

२ नोव्हेंबर, स्लाऊ

गाडी लावल्यावर अर्धा तास आत बसून होतो. गिरीशचं घर वरच्या मजल्यावर आहे. खिडकीत नवे पडदे, अजून घड्या न मोडलेले.

दार सीमाने उघडलं. मी नाव सांगायच्या आत ती आत वळून म्हणाली, ‘अहो, शशी आलेत बघा.’ मग मला, ‘या ना, जेवायलाच थांबा. हे सारखं तुमचंच सांगत असतात. त्या पुस्तकात नक्की कोण मरतं हो?’

मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

गिरीश खांद्यावर टॉवेल टाकून आला. कणीक लागलेले हात. मला बघून इतका हसला की मी जे पाठ करून आलो होतो त्यातली पहिली दोन वाक्यं गेली. म्हणून तिसऱ्यापासून सुरू केलं.

‘कॉलिन नवा माणूस घेतोय. घेऊ दे. त्याला मी दाराजवळ टेबल लावून देणारे. खिडकीजवळचं तुझं आहे. तू परत येणार नाहीस, मला कळतं, मी काय येडा नाहीये. तरी ते कोणाला द्यायचं नाही. कॉलिनला सांगितलंय, तो म्हणाला जागा वाया जाते. जाऊ दे. एवढंच सांगायला आलो होतो.’

‘अरे शशी, आत तर ये—’

मी तोपर्यंत अर्धा जिना उतरलो होतो. तो मागून आला, टॉवेल तसाच, पायात काही नाही. मी गाडीत बसलो. तो खिडकीशी वाकून काहीतरी म्हणाला. काच वर होती. त्याने कणकेच्या हाताने काचेवर टकटक केली.

मी गिअर टाकला.